वेफर किसणी

वेफर किसणी हे भाज्या व फळे एकसारख्या जाडीच्या पातळ चकत्यांत कापण्याचे, हाताने चालवायचे साधन आहे. एका सपाट फळीत आडवे बसवलेले धारदार पाते हा त्याचा मुख्य भाग होय. भाजी फळीवरून पात्याकडे सरकवली की तिची एक चकती कापली जाऊन पात्याखालून बाहेर पडते. महाराष्ट्रात या साधनाचा सर्वाधिक उपयोग बटाट्याचे वाळवणाचे वेफर्स करण्यासाठी होतो. त्याखालोखाल काकडी, गाजर, मुळा, बीट, कोबी, कांदा, कच्ची केळी आणि कारली कापण्यासाठीही ते वापरले जाते. स्वयंपाकघरातील हातसाधनांपैकी बोटांच्या टोकांना खोल इजा करणारे साधन म्हणूनही ते ओळखले जाते. ही इजा जवळजवळ नेहमी एकाच प्रसंगी होते. भाजी संपत आलेली असते आणि उरलेला लहान तुकडा उघड्या बोटांनी धरलेला असतो.

नाव

बाजारात व घरोघरी या साधनाला वेफर्सची किसणी, चिप्सची किसणी, स्लायसर अशी नावे आहेत. पाश्चात्त्य पाककलेत त्याला मँडोलिन म्हणतात. हे नाव फ्रेंच भाषेतून आले असून त्याच नावाच्या तंतुवाद्याशी ते जुळते. फळीवर पुढेमागे होणारा हात वाद्य छेडणाऱ्या हातासारखा दिसतो, असे त्याचे स्पष्टीकरण सर्रास दिले जाते. मराठी वाचकाला मँडोलिन म्हटले की हिंदी चित्रपटसंगीतातील वाद्यच प्रथम आठवते. त्यामुळे पाकक्रियेच्या पुस्तकांबाहेर हे नाव मराठीत फारसे रुजले नाही. नेमकेपणाने पाहिले तर ‘किसणी’ हा शब्दही येथे पूर्ण जुळत नाही. या साधनाने कीस पडत नाही, चकत्या पडतात. तरीही बोलीत तोच शब्द स्थिर झाला आहे.

रचना

किसणीच्या फळीचे दोन भाग असतात. पात्याच्या अलीकडचा भाग पलीकडच्या भागापेक्षा किंचित खाली असतो आणि पाते पलीकडच्या भागाच्या पातळीत असते. या दोन पातळ्यांतील अंतर म्हणजेच चकतीची जाडी. साध्या किसणीत हे अंतर कायमचे ठरलेले असते. महाग प्रकारांत खालच्या बाजूला असलेल्या खिट्टीने किंवा फिरत्या गोळ्याने अलीकडची फळी खालीवर करून जाडी बदलता येते. काही किसण्यांत मुख्य पात्यासमोर उभ्या दातांची पट्टी बसवता येते. तिच्यामुळे चकतीऐवजी काड्या पडतात. नागमोडी पाते बसवले आणि प्रत्येक फटक्यानंतर बटाटा पाव वळसा फिरवला, तर जाळीचे वेफर्स मिळतात.

पात्याची मांडणी तीन प्रकारची आढळते. सरळ आडवे पाते बनवायला सोपे असते, परंतु त्याला भाजीची संपूर्ण रुंदी एकदम कापावी लागते, म्हणून जोर अधिक लागतो. तिरके पाते भाजीत एका कडेने शिरून पुढे सरकत कापते. इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराच्या पात्यात भाजी दोन्ही कडांनी एकाच वेळी कापली जाते आणि आपोआप मध्यभागी राहते. हे पाते दोन्ही बाजूंना सारखेच असल्याने डावखुऱ्या व्यक्तीलाही अडचण येत नाही. वापरणाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचा फरक जोराचा आहे. जितका जोर कमी लावावा लागतो, तितका हात घसरण्याचा संभव कमी. याच कारणाने बोथट पाते धारदार पात्यापेक्षा अधिक धोक्याचे ठरते.

चांगल्या किसणीसोबत भाजी धरण्यासाठी एक होल्डर येतो. त्याच्या आतील बाजूस भाजीत रुतणारे छोटे काटे असतात आणि वरून हाताची पकड असते. साध्या, स्वस्त किसणीसोबत तो बहुधा नसतो. असला तरी पहिल्या आठवड्यानंतर तो फडताळात मागे पडतो, ही या साधनाची खरी अडचण आहे.

विळी, किसणी आणि वेफर किसणी

मराठी स्वयंपाकघरात भाजी चिरण्याचे परंपरागत साधन विळी. विळीत पाते स्थिर असते आणि भाजी दोन्ही हातांनी पात्याकडे नेली जाते. सुरीत याच्या उलट, भाजी स्थिर राहून पाते हलते. या दृष्टीने वेफर किसणी सुरीपेक्षा विळीच्या कुळातील आहे आणि विळीवर हात बसलेल्या व्यक्तीला ती चटकन जमते. मात्र ही सवयच फसवणारी ठरू शकते. विळीचे पाते उभे असते, त्याची धार सतत डोळ्यांसमोर असते आणि बोटे धारेच्या दोन्ही अंगांना राहतात. वेफर किसणीत धार आडवी असते, भाजीच्या खाली झाकली जाते आणि हात थेट तिच्या वरून जातो. विळीवर डोळे राखण करतात. येथे डोळ्यांना दिसण्यासारखे काही नसतेच.

साध्या किसणीशी तुलना केली तर दुसरा फरक लक्षात येतो. खोबरे किंवा गाजर किसताना बोट लागले तर साल खरवडते, चुरचुरते आणि हात आपोआप मागे येतो. किसणीचे दात असे आधीच सूचना देतात. वेफर किसणीचे पाते मात्र सूचना देत नाही. हात ज्या वेगाने येतो त्याच वेगाने ते बोटाच्या टोकाचा काप काढते आणि वेदना त्यानंतर जाणवते.

सातपूर परिसरातील वापर

नाशिक शहराच्या पश्चिम भागात, त्र्यंबकेश्वर रस्त्यालगत सातपूर आहे. येथील औद्योगिक वसाहतीत महिंद्रा अँड महिंद्रा, बॉश (पूर्वीची मायको) यांसारखे मोठे कारखाने आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे असंख्य लघुउद्योग आहेत. सातपूर कॉलनी, अशोकनगर, श्रमिकनगर, शिवाजीनगर या वस्त्यांत मुख्यतः कामगारांची कुटुंबे राहतात. त्यांत नाशिक जिल्ह्याबरोबरच खानदेश व मराठवाड्यातून आलेल्या कुटुंबांचा मोठा वाटा असून, आपापल्या गावचे वाळवण त्यांनी सोबत आणले आहे.

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असून मार्च ते मे या काळात येथील हवा कोरडी व ऊन कडक असते. उत्तर व मध्य भारतातील रब्बी बटाट्याचे पीक फेब्रुवारी-मार्चमध्ये निघत असल्याने याच सुमारास बाजारात बटाटा मुबलक व स्वस्त असतो. त्यामुळे महाशिवरात्र उलटली की घरोघरी पापड, कुरडया, सांडगे, शेवया यांच्याबरोबर बटाट्याचे वेफर्स व कीस यांचे काम सुरू होते. मीठ घालून वाळवलेले बटाट्याचे पदार्थ उपवासाला चालतात, म्हणून पुढील वर्षभराची तरतूद एका-दोन दिवसांत केली जाते. मे महिन्यात अवकाळी पावसाची धास्ती असते. तीही कामाची घाई वाढवते.

वेफर्सचे काम साधारणपणे संध्याकाळी सुरू होते. बटाटे सोलून पाण्यात टाकतात. मोठ्या पातेल्यात किंवा टोपात पाणी घेऊन त्याच्या काठावर किसणी आडवी ठेवतात आणि चकत्या थेट पाण्यात पाडतात. सोललेला वा कापलेला बटाटा हवेत राहिला तर त्यातील विकरांमुळे काळा पडतो. पाण्यात त्याला प्राणवायू कमी मिळतो व सुटा स्टार्चही धुऊन निघतो. नंतर चकत्या दोन-तीन पाण्यांतून काढून तुरटीच्या पाण्यात रात्रभर ठेवतात. तुरटीमुळे चकत्यांना टणकपणा येतो व उकळताना त्या फुटत नाहीत. सकाळी मिठाच्या उकळत्या पाण्यात चकत्या अर्धपारदर्शक होईपर्यंत ठेवून, निथळून, गच्चीवर स्वच्छ कापडावर किंवा प्लॅस्टिकच्या कागदावर एकेक पसरतात.

किसणीच्या धोक्याचा विचार करताना या कामाचा आवाका ध्यानात घ्यावा लागतो. कोशिंबिरीसाठी एक काकडी कापणे आणि वाळवणासाठी पाच किलो बटाटे कापणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बटाटा सरासरी १०० ग्रॅमचा धरला तर पाच किलोत ५० बटाटे बसतात. सहा सेंटीमीटर लांबीचा बटाटा दोन मिलिमीटर जाडीच्या चकत्यांत शेवटपर्यंत कापायचा तर ३० फटके लागतात. म्हणजे एकूण १,५०० फटके. त्यांपैकी प्रत्येक बटाट्याचे शेवटचे दहा फटके, म्हणजे एकूण ५००, बोट पात्यापासून दोन सेंटीमीटरच्या आत असताना मारले जातात. हात ओले असतात, फळीवर स्टार्चचा चिकट थर साचलेला असतो, गप्पा चालू असतात आणि मान-पाठ अवघडलेली असते. पंधराशे वेळा न चुकणारा हात एकदा चुकला तरी पुरे होते.

सातपूरसारख्या वस्तीत या संदर्भात एक विसंगती दिसते. कारखान्यातील यंत्राच्या धोकादायक भागाला भक्कम आवरण असणे आणि यंत्र चालू असताना ते जागेवर असणे १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या २१ व्या कलमाने बंधनकारक केले. पॉवर प्रेसवर दोन्ही हातांनी एकाच वेळी दोन बटणे दाबल्याशिवाय ठोका पडू नये, अशी व्यवस्था करतात. तिचा हेतू एवढाच की ठोका पडताना एकही हात साच्याखाली नसावा. होल्डर हे वेफर किसणीचे तसेच आवरण आहे. स्वयंपाकघराला मात्र असा कोणताही कायदा लागू नाही, आणि प्रेसवर आवरणाशिवाय काम न करणारी व्यक्तीही घरी होल्डरशिवाय बटाटे कापताना आढळते.

इजा कशी होते

बहुतेक इजा पुढील तीन प्रकारांत मोडतात. पहिला आणि सर्वांत मोठा प्रकार वर आलाच आहे: भाजी संपत येते, बोटांची टोके फळीच्या जवळ येतात आणि पुढच्या फटक्यात अंगठा, तर्जनी किंवा मधले बोट पात्यावर जाते. यात बोटाच्या टोकाचा मांसल भाग, कधी नखासकट, तिरका कापला जातो. या भागात ज्ञानतंतूंची टोके व सूक्ष्म रक्तवाहिन्या दाट असल्याने वेदना व रक्तस्राव दोन्ही जखमेच्या आकाराच्या मानाने अधिक असतात. कापलेला भाग सुटा झाल्यामुळे, सुरीच्या चिरेप्रमाणे कडा जुळवून टाके घालणे अनेकदा शक्य होत नाही आणि जखम भरायला काही आठवडे लागू शकतात.

दुसरा प्रकार अडकलेल्या भाजीचा. पाते बोथट असते किंवा भाजी फार कठीण असते. ती मध्येच थांबते, वापरणारा जोर वाढवतो आणि अडथळा अचानक सुटताच हात झेप घेऊन पुढे जातो. अशा वेळी जोर न वाढवता भाजी मागे घेणे, फळी पाण्याने धुणे आणि पुन्हा हलक्या हाताने सुरुवात करणे हाच मार्ग आहे. भाजी तरीही अडत असेल तर चकतीची जाडी कमी करावी.

तिसरा प्रकार कापताना घडतच नाही. पात्याखाली अडकलेली चकती बोटाने ओढून काढताना, किसणी धुताना किंवा साबणाच्या पाण्याने भरलेल्या मोरीत न दिसलेल्या पात्यावर हात पडून तो घडतो. घरातील ज्या व्यक्तीने किसणी वापरलेलीच नाही, तिलाही अशी इजा होऊ शकते.

वापरण्याची पद्धत

किसणी हलणार नाही अशी ठेवणे ही पहिली पायरी. ओट्यावर ठेवायची असल्यास पायांखाली ओले पिळलेले फडके पसरावे. पातेल्यावर ठेवायची असल्यास किसणीच्या खालच्या बाजूची खाच काठात नीट अडकली आहे ना हे पाहावे आणि पातेल्याखालीही ओले फडके घालावे. अर्धे भरलेले जड पातेले रिकाम्यापेक्षा स्थिर राहते. काम कोपराच्या उंचीच्या थोडे खाली असले तर खांद्याऐवजी दंडाची हालचाल पुरते. जमिनीवर बसून कापायचे असल्यास पातेले पाटावर किंवा उलट्या परातीवर चढवल्याने वाकणे कमी होते.

भाजीला आधी सुरीने एक सपाट बाजू करून घ्यावी. गोल बटाटा फळीवर पहिल्या दोन-तीन फटक्यांत डुगडुगतो आणि हात घसरतो. सपाट बाजू असली की तो बसून सरकतो. ही सपाट बाजू पात्याकडे करून भाजीच्या विरुद्ध टोकात होल्डरचे काटे पक्के रोवावेत. त्यानंतर मध्यम जोराने, एका लांब सलग फटक्यात भाजी पुढे न्यावी व त्याच लयीत मागे आणावी. आखूड, झटकेदार फटक्यांनी चकत्या अर्धवट तुटतात. वेगाने वेळ वाचतो हा समज फारसा खरा नाही. बराचसा वेळ सोलण्यात आणि बटाटे बदलण्यात जातो.

होल्डर लांब भाजीला सुरुवातीला अडचणीचा वाटतो. लांब काकडी किंवा गाजर सुरुवातीला हाताने धरून कापले तरी चालते, परंतु त्या वेळी बोटांनी चिमटीत न धरता तळवा भाजीच्या टोकावर सपाट ठेवावा आणि बोटे वर ताठ राखावीत. हातापासून पात्यापर्यंत चार बोटांचे अंतर उरले की होल्डर लावलाच पाहिजे. होल्डर नसेल तर तेथेच थांबावे. ‘आणखी दोनच चकत्या’ हा या साधनाच्या वापरातील सर्वांत महाग विचार आहे.

शेवटचा तुकडा वाया जाईल या भावनेने हात पुढे जातो, म्हणून त्या तुकड्याची व्यवस्था आधीच ठरवलेली असावी. वरील उदाहरणात प्रत्येक बटाट्याचा शेवटचा दोन सेंटीमीटरचा भाग बाजूला ठेवला तर पाच किलोमागे साधारण सव्वा किलो तुकडे उरतात. ते वाया जात नाहीत. उकडून, किसून त्यांचा वाळवणाचा कीस होतो, साबुदाणा घालून पापड्या होतात किंवा दुसऱ्या दिवशीच्या रस्साभाजीत ते खपतात. तुकड्यांसाठी पाण्याचे वेगळे भांडे शेजारी ठेवले की हात तिकडे आपोआप वळतो. होल्डर वापरल्यास उरणारा भाग याहून बराच कमी असतो.

मोठ्या कामात विश्रांतीचाही विचार हवा. दर दहा-बारा बटाट्यांनंतर फळी धुऊन स्टार्च काढून टाकणे, हात पुसणे आणि कापणारी व्यक्ती बदलणे सोयीचे ठरते. सातपूरच्या वस्त्यांत शेजारणी एकत्र बसून वाळवण करतात, तेव्हा सोलणारी, कापणारी आणि धुणारी अशी वाटणी होते. तीत कापणारी मात्र अनेकदा तीच ती असते, कारण ‘तिचा हात बसला आहे’. लहान मुलांना चकत्या पसरण्याचे काम देता येते. किसणी त्यांच्या हाती देऊ नये.

काही फरसाण विक्रेते व केळीचे वेफर्स तळणारे कारागीर चकत्या थेट उकळत्या तेलावर पाडतात. त्यांची किसणी लांब दांड्याची असते आणि हात वर्षानुवर्षांच्या सरावाचा असतो. घरी ही पद्धत अजिबात वापरू नये. तेलाच्या वाफेने फळी निसरडी होते आणि बोट कापले तर हात झटकला जाऊन कढई कलंडण्याची भीती असते.

हातमोजे

कापण्यास प्रतिकार करणारे विणलेले हातमोजे हा होल्डरला पर्याय नसला तरी चांगली जोड आहे. ते उच्च क्षमतेच्या पॉलिथिलिनच्या धाग्यापासून, काही वेळा त्यात काचतंतू किंवा पोलादी तार मिसळून विणलेले असतात. युरोपीय मानक ईएन ३८८ व अमेरिकी मानक एएनएसआय १०५ यांनुसार त्यांची कापरोधक क्षमता ठरवतात. अमेरिकी मानकात ए-१ ते ए-९ अशा चढत्या श्रेणी आहेत. औद्योगिक सुरक्षा साहित्याच्या दुकानांत ते मिळतात, त्यामुळे सातपूरकरांना ते नवे नाहीत. मात्र कारखान्यात वापरलेली जोडी स्वयंपाकात घेऊ नये. तेल व धातूचे कण त्यात राहतात. स्वयंपाकासाठी अन्नपदार्थांना चालणारी, धुता येणारी स्वतंत्र जोडी असावी. काचतंतू मिसळलेले हातमोजे यासाठी टाळावेत.

येथे कामगारांच्या मनात एक शंका येणे स्वाभाविक आहे. लेथ वा ड्रिल यंत्रावर हातमोजे घालू नयेत असे त्यांना शिकवलेले असते, कारण फिरणारा भाग मोजा पकडून हात आत ओढतो. वेफर किसणीत फिरणारा भाग नसल्याने तो धोका येथे नाही. मोजा बोटांना घट्ट बसणारा असावा, टोकाशी लोंबणारा नसावा. ‘कापरोधक’ याचा अर्थ अभेद्य असा होत नाही; विणीतून टोकदार वस्तू आत जाऊ शकते आणि जोराच्या फटक्याने मोजाही कापला जातो. स्वयंपाकात वापरले जाणारे पातळ रबरी किंवा प्लॅस्टिकचे मोजे पात्यापासून कसलेही रक्षण करत नाहीत. ओले झाल्यावर ते उलट घसरतात.

निरनिराळ्या भाज्या

वाळवणाच्या वेफर्सना दीड ते दोन मिलिमीटर जाडी योग्य असते. याहून पातळ चकती उकळताना फाटते, जाड चकती आतून ओलसर राहून नंतर बुरसटते. कोशिंबिरीची काकडी दोन-तीन मिलिमीटर आणि वांग्याचे किंवा सुरणाचे काप पाच मिलिमीटरच्या आसपास घेतात. सुरण कठीण व खाजरा असल्याने त्याचे आधी सुरीने लहान चौकोनी ठोकळे करावेत. कांदा कापताना मुळाकडचे टोक न छाटता तेच वर धरावे. त्या टोकाने पाकळ्या एकत्र राहतात आणि पकडायला जागा मिळते. कोबीचा चौथा हिस्सा करून सपाट बाजू फळीवर ठेवली की बारीक लांब काप पडतात, पण कोबीचा दांडा जवळ आला की थांबावे. सालीचा लाल भोपळा व पिकलेला टोमॅटो यांना हे साधन सोयीचे नाही. पहिल्यात पाते अडते, दुसऱ्याचा चेंदा होतो. गोल लिंबू किंवा आवळा हाताने धरण्याइतका मोठा नसतो, त्याला विळी किंवा सुरीच बरी.

धुणे आणि ठेवणे

काम संपताच, स्टार्च वाळण्यापूर्वी किसणी वाहत्या पाण्याखाली धरून ब्रशने स्वच्छ करावी. ब्रश पात्याच्या मागच्या बाजूकडून धारेकडे फिरवावा, धारेवर समोरून नेऊ नये. घासणी बोटांत धरून पाते पुसू नये. अडकलेली चकती काढण्यासाठी लाकडी काडी किंवा गाजराचा तुकडा वापरावा. मोरीत इतर भांड्यांबरोबर ती कधीही ठेवू नये. घरकामाला येणाऱ्या बाईंना भांडी घासायला द्यायची असतील, तर किसणी त्यात नाही याची खात्री घरच्यांनीच करावी.

जाडी बदलता येणारी किसणी ठेवताना खिट्टी शून्यावर आणावी, म्हणजे पाते फळीच्या पातळीत झाकले जाते. साध्या किसणीच्या पात्यावर जाड पुठ्ठा दोऱ्याने बांधला तरी पुरतो. होल्डर किसणीलाच बांधून ठेवावा. वेगळा ठेवलेला होल्डर पुढच्या उन्हाळ्यात सापडत नाही. गंजरोधक नसलेले पोलादी पाते पुसून खोबरेल तेलाचा हात फिरवून ठेवतात. धार गेली की पाते बदलावे. बदलता न येणारी स्वस्त किसणी टाकून द्यावी, आणि टाकताना पाते कागदात गुंडाळून वर चिकटपट्टी लावून वेगळी द्यावी, म्हणजे कचरा वेचणाऱ्याचा हात कापणार नाही.

बोट कापल्यास

काम तत्काळ थांबवून बोट स्वच्छ वाहत्या पाण्याखाली धरावे. नंतर स्वच्छ कापड जखमेवर ठेवून, हात हृदयापेक्षा वर उचलून, दहा मिनिटे सलग दाबून धरावे. मध्ये मध्ये कापड उघडून पाहिले तर जमू लागलेली गुठळी सुटते. कापड भिजले तर त्यावरच दुसरे ठेवावे. हळद, कॉफी, चुना किंवा राख जखमेत भरण्याची पद्धत घरोघरी आहे. तिच्यामुळे रक्त थांबल्यासारखे दिसले तरी पूड जखमेत अडकते, जंतुसंसर्गाची भीती वाढते आणि डॉक्टरांना जखम स्वच्छ करणे कठीण जाते. बोटाभोवती दोरा किंवा रबर घट्ट आवळू नये.

पंधरा मिनिटे दाबूनही रक्त थांबत नसेल, हाड किंवा नखाखालचा भाग दिसत असेल, बोट बधिर झाले असेल अथवा वाकत नसेल तर विलंब न लावता रुग्णालयात जावे. मधुमेह असलेल्यांनी व रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी लहान जखमही डॉक्टरांना दाखवावी. कापलेला तुकडा मोठा असेल तर तो ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करावा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवून सोबत न्यावी. तुकडा थेट बर्फावर ठेवू नये. हाड उघडे पडले नसेल आणि गेलेला भाग लहान असेल, तर अनेकदा नियमित मलमपट्टीनेच बोटाचे टोक पुन्हा भरून येते. धनुर्वाताची लस घेऊन दहा वर्षे उलटली असतील, किंवा जखम मळलेली असून पाच वर्षे झाली असतील, तर ती पुन्हा घ्यावी लागते. पुढील दोन-तीन दिवसांत ठणका वाढणे, सूज, लाली, पू किंवा ताप यांपैकी काही आढळल्यास पुन्हा डॉक्टरांकडे जावे. ज्या पातेल्यात रक्त पडले त्यातील चकत्या व पाणी टाकून द्यावे आणि किसणी साबणाने धुऊन झाल्यावरच उरलेले बटाटे कापायला घ्यावेत.